निरसन आणि व्यावृत्ती

मागचे तीन वीकांत इथे शुकशुकाट होता. दोघातिघांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलंही. बंद केला नाही. परभणीला गेलो होतो, आणि तिथे काकांशी बोलताना जे डोक्यात शिरलं ते नीट मांडायला वेळ लागला. आजचा लेख लांब होणार आहे, चहा घेऊन बसा :-)

सुरुवात माझ्या गाढवपणापासून. २०२४ मधली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे देखभालीला आहे. कोड जावामधला, दहा-बारा वर्षं जुना, पाच-सहा जणांच्या हातून गेलेला. मॅनेजरने सांगितलं, डेड कोड काढून टाक. डेड कोड म्हणजे कोणीच न बोलावणारा, नुसताच पडून असलेला कोड. मला असली सफाई फार आवडते. आईचं माळ्यावरचं सामान काढताना जो आनंद होतो तोच.

त्यात एक फंक्शन सापडलं. दहा वर्षं मुदतीच्या एका ठेव योजनेचं व्याज काढणारं. योजना ३१ मार्च २०१७ ला बंद झाली होती. त्याचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधलं, कुठूनही बोलावणं नाही. घाईत नको म्हणून नव्वद दिवसांचे लॉग पाहिले, तिथेही नाही. योजना बंद, हाक मारणारं कोणी नाही, लॉग कोरे. काढून टाकलं. टेस्ट हिरव्या. मी खूश.

दोन महिन्यांनी एक आजोबा त्यांची २०१४ ची ठेव मोडायला काउंटरवर आले. मूळ रक्कम ५०,००० रुपये, दर साडेदहा टक्के, तिमाही चक्रवाढ. हातात यायला हवे होते साधारण १,४१,०००. स्क्रीनवर आले ७४ हजार आणि काहीतरी. म्हणजे जवळपास निम्मे!

झालं होतं असं. त्या फंक्शनचं नाव कोडमध्ये कुठेच नव्हतं, कारण ते डेटाबेसमधल्या योजनांच्या टेबलात साध्या अक्षरांत लिहिलेलं होतं. प्रोग्रॅम ते नाव वाचायचा आणि चालता चालता त्या नावाचं फंक्शन शोधून बोलवायचा. जावावाले याला रिफ्लेक्शन म्हणतात. फंक्शन सापडलं नाही तर आरडाओरडा न करता बचत खात्याचा चार टक्के दर लावायचा, अशी 'सोय' कोणीतरी पूर्वी करून ठेवली होती. बरं, लॉग कोरे का? तर त्या योजनेची फक्त ४१ खाती उरलेली आणि नव्वद दिवसांत त्यातलं एकही मोडलं नव्हतं, इतकंच.

आजोबांचं नुकसान झालं नाही, कारण त्यांनी ठेवपावती जपून ठेवली होती आणि तिच्यावर मुदतीअंती मिळणारी रक्कम छापलेली होती. "कंप्युटर काय म्हणतो ते मला सांगू नका, कागद काय म्हणतो ते बघा," असं ते कॅशियरला म्हणाले म्हणे. मला हे फोनवर कळलं तेव्हा पोटात खड्डा पडला. पावती हरवलेला माणूस असता तर?

असो. आता परभणी.

काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. परभणी जिल्ह्यातल्या तीन-चार तहसिलींत नोकरी झाली. जेवताना हा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "तू निरसन केलास, व्यावृत्ती ठेवली नाहीस."

मी म्हटलं, "काका, मराठीत सांगा."

"मराठीतच सांगायलोय की."

निरसन म्हणजे कायदा रद्द करणं. व्यावृत्ती म्हणजे रद्द करताना काय काय वाचवून ठेवायचं ते. जवळपास प्रत्येक मोठ्या कायद्याच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' नावाचं कलम असतं. आपण कायदा वाचायला घेतलाच तर तिथपर्यंत कधी पोचत नाही. पण आमच्या जिल्ह्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास बघितला तर सगळी मजा त्या शेवटच्या कलमातच आहे.

तारखा पटकन सांगतो. परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक. बाकीचे औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), बीड, नांदेड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव). १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र.

शाळेत आपण या तारखा पाठ करतो आणि समजतो की त्या त्या दिवशी सगळं बदललं. झेंडा बदलला हे खरं. पण २ नोव्हेंबर १९५६ ला जिंतूरच्या एखाद्या शेतकऱ्याने सारा कुठल्या कायद्याने भरला? हैदराबादच्याच. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ११९ वं कलम आहे. त्याचा सरळ अर्थ असा की मुलूख इकडून तिकडे गेला तरी तिथले कायदे, नव्या विधिमंडळाने वेगळं काही ठरवेपर्यंत, जसेच्या तसे चालू राहतील. म्हणजे कोड मर्ज झाला, पण आतलं काहीही कोणी हलवलं नाही! मला हे वाचून त्या मसुदा लिहिणाऱ्यांबद्दल एकदम आदर वाटला. एवढा मोठा मर्ज आणि पहिल्या दिवशी एकही फंक्शन डिलीट नाही.

जमीन महसुलाचा हैदराबादचा कायदा १३१७ फसलीचा. हे फसली प्रकरण नवीन पोरांना माहीत नसतं. निजामाच्या राज्यात सरकारी हिशेबाला फसली सन होता. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हा कायदा १९०७ च्या सुमाराचा. तो १९४८ ला मेला नाही, १९५६ ला मेला नाही, १९६० लाही नाही. तेव्हा महाराष्ट्रात जमीन महसुलाचे तीन कायदे एकाच वेळी चालू होते. पश्चिम महाराष्ट्र-कोकणात मुंबईचा १८७९ चा, विदर्भात मध्य प्रदेशचा १९५४ चा आणि आमच्याकडे १३१७ फसलीचा. एकाच प्रॉडक्टच्या तीन ब्रँच म्हणा ना. १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता झाली, ती १५ ऑगस्ट १९६७ ला लागू झाली आणि तिने हे तिन्ही रद्द केले. मुंबई राज्यात येऊन तोवर आमच्या जिल्ह्याला जवळजवळ अकरा वर्षं झाली होती.

आणि रद्द करतानाही कसं केलं बघा. जुन्या कायद्याखाली ज्याला जो हक्क मिळाला तो राहील. जे देणं लागू झालं ते लागू राहील. जे दावे अर्धवट आहेत ते पुरे होतील. जुन्या कायद्याने झालेली मोजणी आणि आकारणी ही जणू नव्या कायद्यानेच झाली असं धरलं जाईल. म्हणजे उद्यापासून नवीन काम जुन्या नियमाने होणार नाही, पण काल जे झालं त्याचा अर्थ जुन्या नियमानेच लावायचा. नेमकं हेच मी केलं नव्हतं! योजना बंद, म्हणजे नवीन ठेव नाही, एवढंच मी पाहिलं. पण जुन्या ४१ ठेवींना दिलेलं वचन त्या फंक्शनमध्ये राहत होतं.

काकांनी यावर एक बारीक भर घातली, ती मला जास्त आवडली. जुने कागद वाचायचे तर नुसता कायदा ठेवून भागत नाही, मोजमापं पण ठेवावी लागतात. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला एका जमिनीच्या वादात जुनी खरेदी निघाली. सन फसली, लिपी उर्दू आणि रक्कम हाली रुपयांत. हाली म्हणजे निजामाचं नाणं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, आणि कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. नव्या साहेबांनी आकडा सरळ रुपये म्हणून वाचला, तारीख वाचून "हे काय, तेराव्या-चौदाव्या शतकातलं का?" असं विचारलं :-) ऑफिसातले उर्दू जाणणारे एक म्हातारे कारकून नसते तर तो कागद बादच झाला असता. आमच्या भाषेत, डेटा शाबूत होता, तो वाचणारा कोड तेवढा निवृत्तीला आला होता.

सगळंच साफ झालं असं मात्र समजू नका. महसूल कायदे तीनाचे एक झाले, पण कूळकायदे अजून वेगळेच आहेत. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, विदर्भात १९५८ चा. परभणीत आजही कोर्टात 'संरक्षित कूळ' म्हटलं की हैदराबादचा कायदा उघडावा लागतो. हैदराबाद नावाचं राज्य १९५६ लाच संपलं तरी! याउलट २०१२ मध्ये विधिमंडळाने एका झटक्यात कित्येक कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातलं. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला. ज्याने ज्याने शोधा-आणि-बदला केलंय त्याला माहीत आहे की नाव बदलणं हे सगळ्यात सोपं आणि दिसायला सगळ्यात भारी काम असतं. (आमच्या टीममध्येही दर दिवाळीला कोणीतरी हे करतं.)

मग काढणं सोपं कधी असतं? केंद्र सरकारचं एक उदाहरण छान आहे. दरवर्षी संसद खर्चासाठी विनियोजन अधिनियम करते. ते वर्ष संपलं की त्या कायद्याला काम उरत नाही, पण पुस्तकात तो राहतोच. २०१६ मध्ये असे ७५८ कायदे एका कायद्याने काढले. कुणाला ओरखडा आला नाही, कारण त्यांचं आयुष्य किती ते जन्मतःच ठरलेलं होतं. तसंच दुरुस्ती कायद्यांचं. दुरुस्ती एकदा मूळ कायद्याच्या मजकुरात बसली की दुरुस्ती कायदा रिकामा. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात तर लिहूनच ठेवलंय की असा दुरुस्ती कायदा पुढे रद्द केला तरी, वेगळा हेतू दिसत नसेल तर, मूळ मजकुरात झालेला बदल टिकतो. पॅच लावून झाला की पॅचची फाइल फेकायला हरकत नाही, हे १८९७ च्या कायद्यात वाचून मी खुर्चीतच उडालो.

आयुष्य जन्मतःच ठरवायचं, यावरून काका सहा गठ्ठ्यांवर आले. सरकारी कचेरीत ज्यांनी काम केलंय त्यांना 'सहा गठ्ठे पद्धत' माहीत असेल. टेबलावरच्या चालू कामाचा एक गठ्ठा, कोणाच्या तरी उत्तराची वाट बघणाऱ्यांचा दुसरा, नियतकालिकांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात पाठवायच्यांचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. प्रकरण बंद करताना त्यावर वर्ग टाकायचा. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा वर्षं, 'क' पाच वर्षं, 'ड' एक वर्ष. मुदत भरली की यादी करून, साहेबांची मंजुरी घेऊन, काय नष्ट केलं याची नोंद ठेवून मग नष्ट करायचं.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात गठ्ठे साचतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतला असा साठलेला ढीग उपसून काढला, अभिलेखांची वर्गवारी लावली, कामाची मांडणीच बदलली. तो 'लखिना पॅटर्न' पुढे राज्यभर गाजला. काका त्यांचं नाव अजून आदराने घेतात. पण त्यांना मी विचारलं, "काका, ढिगातला कागद मेलेला आहे का जिवंत, हे नुसतं बघून कसं कळतं?"

"नाही कळत. म्हणून तर वर्ग कोण टाकतो? ज्याने प्रकरण बंद केलं तो. त्याला माहीत असतंय की यात पुढं कोणाचा हक्क अडकलाय का. वीस वर्षांनी आलेल्या माणसाला नुसती धूळ दिसती."

मंडळी, आपल्या धंद्यात हे कोणीच करत नाही. योजना २०१७ ला बंद झाली तेव्हा ज्याने ती बंद केली त्याला पक्कं माहीत होतं की शेवटची ठेव मार्च २०२७ ला पिकणार आहे. त्याने एक ओळ लिहिली असती तर! त्याने फक्त 'नवीन ठेव' हे बटण लपवलं आणि पुढच्या कंपनीत गेला. सात वर्षांनी मला धूळ दिसली.

ज्या कागदांना पाऊणशे वर्षं कोणी हात लावला नाही ते अचानक उठून बसतात हे तर आपण सगळ्यांनी नुकतंच पाहिलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत, परभणीत सुद्धा, निजामकाळातल्या दस्तांमध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. महसूल, जन्म-मृत्यू, शाळांची रजिस्टरं. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही, तो या ब्लॉगचा विषय नाही. मी फक्त एवढं बघतोय की १९९० साली जर कोणी त्या रजिस्टरांचा 'लॉग' तपासला असता तर बहुतेक पानांवर 'वापर शून्य' असंच आलं असतं. त्यातलं जे टिकलं त्यातलं किती 'अ' वर्गामुळे टिकलं आणि किती निव्वळ आळसामुळे, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते फक्त हसले.

आता कोणी म्हणेल, मग काढूच नका ना काही! पडून राहू दे, खायला थोडंच मागतंय?

मागतंय. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाच्या कंपनीचं काय झालं ते सांगतो. त्यांच्या सिस्टिममध्ये 'पॉवर पेग' नावाचा कोड होता. त्याचा वापर २००३ मध्ये थांबवला, पण कोड तसाच ठेवला. २००५ मध्ये कोणीतरी, किती शेअर घेऊन झाले ते मोजून 'आता पुरे' सांगणारा भाग तिथून हलवला. मेलेल्या कोडची परत चाचणी कोण करतो? २०१२ मध्ये नवीन काम आलं तेव्हा पॉवर पेगचाच जुना फ्लॅग नव्या कामाला वापरला. नवीन कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातांवरच पडला. बाजार उघडला आणि आठव्यावर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा झाला. ग्राहकांच्या फक्त २१२ ऑर्डरींसाठी ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून जास्त व्यवहार. 'आता पुरे' सांगणारा भाग नव्हताच. घाबरून त्यांनी उरलेल्या सातांवरून नवीन कोड काढला, तर तिथेही जुनाच जागा झाला! नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक. बाजार उघडण्याआधी ९७ ईमेल आल्या होत्या, त्यांत पॉवर पेगचं नाव होतं, पण कोणी पाहिल्या नाहीत. पुढच्याच वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली.

त्यांनी व्यावृत्ती भरपूर ठेवली, निरसन केलंच नाही. मी उलटं केलं.

सोमवारी ऑफिसात आल्यावर आधी मी ते फंक्शन गिटमधून परत आणलेलं पुन्हा तपासलं (दुरुस्ती त्याच दिवशी गेली होती, पण घाईची होती). ती चार टक्क्यांची गुपचूप 'सोय' काढली. आता फंक्शन नाही सापडलं तर प्रोग्रॅम थांबतो आणि बोंब मारतो. मॅनेजरला हे पटायला दोन दिवस लागले, कारण ग्राहकासमोर एरर दिसणं त्याला आवडत नाही. मी त्याला आजोबांची पावती दाखवली. मग योजनांच्या टेबलात 'नवीन ठेव बंद' आणि 'शेवटची ठेव पिकण्याची तारीख' असे दोन वेगळे रकाने केले. बंद झालेल्या इतर योजना त्याने तपासल्या तर अजून तीन फंक्शनं निघाली, जी पुढच्या सफाईत मी आनंदाने उडवली असती. आणि दोन अशीही निघाली ज्यांचं शेवटचं खातं २०१९ मध्येच मोडलेलं होतं. ती दोन काढली. काढताना कमिटमध्ये काय काढलं, का काढलं, कोणाला विचारलं आणि शेवटचं खातं कधी बंद झालं हे चार ओळींत मराठीत लिहिलं. रिव्ह्यू करणारी मुलगी चेन्नईची, तिने "व्हॉट इज व्यावृत्ती?" विचारलं. तिला अर्धा तास परभणीचा इतिहास ऐकावा लागला.

दहा वर्षांच्या त्या फंक्शनच्या डोक्यावर आता अशी टीप आहे: 'वर्ग ब. नवीन ठेव ३१ मार्च २०१७ पासून बंद. शेवटची ठेव ३१ मार्च २०२७ ला पिकते. न मोडलेली खाती शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय काढू नये.' काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दहा वर्षं म्हणजे ब नाही, क-१. वर्ग चुकलाय."

दुरुस्त केला.